तिसरं वचन

जेल रोड, नाशिक रोड
५ जानेवारी २०२५

चि. साधना,

सलाम. माझा सलाम घ्यायचा की नाही ते तू ठरव. मला पत्राची दुसरी सुरुवात येत नाही.

फोनवर तू मला बंद केलंस त्याला एप्रिलमध्ये तीन वर्षं होतील. शेजारच्या तृप्तीच्या फोनवरून लावून पाहिला, तर माझं 'हॅलो' ऐकूनच ठेवलास. मग उरलं पोस्ट. तुझ्या आश्रमशाळेत पोस्टमन आठवड्यातून दोनदा येतो म्हणे. पत्र वाचताना मी मध्ये बोलणार नाही, एवढा तरी फायदा आहे.

इथे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो. ठीक नाही. माझ्या जठरात गाठ आहे. डॉक्टर तरुण आहे, फार गोड बोलतो. मी त्याला म्हटलं, मी ओझरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय, गेटपासशिवाय एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही, मला तारीख सांगा. तो म्हणाला, "काका, पावसाळ्यापर्यंत धरून चला." ऑपरेशनची वेळ गेली आहे. रडू नकोस. रडणार नाहीस हे मला माहीत आहे, पण बापाने असं लिहायचं असतं.

एकच मागणं आहे. कब्रस्तानात तुझ्या आईशेजारची माझी जागा २०१६ पासून ठरलेली आहे. दगडावर नावही कोरून ठेवलं आहे, भारत येशूदास आढाव, जन्म १९५१, आणि पुढे कोरं. तेव्हा तू हसली होतीस, "पप्पा, तुम्ही स्वतःचा गेटपास आधीच काढून ठेवलात." तर माझी पेटी खाली गेली की पहिली मूठ माती तू टाकावीस. तू आमचं एकुलतं लेकरू. तू नसलीस तर कमिटीतला कोणीतरी टाकेल, आणि त्यांचे हात मला चांगले ठाऊक आहेत.

आपल्या घरच्या चतुराबाईच्या बाबतीत जे झालं ते नियमाने झालं. पाळकसाहेब नाही म्हणाले, मी फक्त कब्रस्तान कमिटीचा सेक्रेटरी. माझ्या हातात काय होतं? हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. एवढ्यासाठी बापाला टाकायचं?

तुझा,
पप्पा


जेल रोड
९ फेब्रुवारी २०२५

चि. साधना,

उत्तर नाही. हरकत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हा पीळ तू माझ्याकडूनच घेतलास.

काल नवे पाळक घरी येऊन गेले. प्रार्थना केली, चहा घेतला, आणि जाताना चपला घालता घालता म्हणाले, "काका, यंदा उत्तम शुक्रवारी तिसरं वचन तुम्हीच घ्या. लोक आठवण काढतात." त्यांना इथे येऊन वर्षही झालेलं नाही. त्यांना काय माहीत!

तुला आठवतं ना, आपल्याकडे गुड फ्रायडेला बारा ते तीन ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात जण बोलतात. तिसरं अठरा वर्षं माझं होतं. ख्रिस्त मरता मरता आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो, ही आजपासून तुझी आई म्हणतो, ते. पहिल्या वर्षी मी बोललो तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. तेव्हापासून कोणी दुसऱ्याला ते वचन दिलंच नाही. मंडळीत मला मागून 'तिसरं वचन' म्हणायचे. मला राग येत नसे. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

चतुराबाईबद्दल लिहितो. तू म्हणशील, आता कशाला. रिकाम्या घरात तिचीच आठवण जास्त येते, तुझ्या आईपेक्षाही. दवाखान्यात तुझ्या आईच्या रात्रपाळ्या, माझी कारखान्याची सकाळची बस, आणि मध्ये तू. तू दहा वर्षांची होतीस तेव्हा ती पेठकडून आली. नवरा वारलेला, आणि ती ख्रिस्ती झाली म्हणून सासरच्यांनी बाहेर काढलेली. बावीस वर्षं या घरात राहिली. तुला गोवर आला तेव्हा अकरा दिवस ती तुझ्या खाटेखाली जमिनीवर झोपली. माझा डबा, तुझ्या वेण्या, शेवटी तुझ्या आईचं अंथरुणातलं सगळं तिनेच केलं. मी तिला 'अहो' कधी म्हटलं नाही. ती मला साहेब म्हणायची.

देवळात ती शेवटच्या बाकावर बसायची. प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, सगळे पुढे जाऊन गुडघे टेकायचे तेव्हा ती बसून राहायची, कारण तिचं नाव मंडळीच्या यादीत नव्हतं. तू लहानपणी विचारलंस, "पप्पा, चतुरामावशीला का नाही देत?" मी म्हटलं, तिच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला नाही. कोण्या फिरत्या प्रचारकाने तिला गावच्या ओढ्यात बाप्तिस्मा दिला होता, कागद कसला? मी तिला दोनदा सांगितलं, दाखला आण, नाव घालतो. ती म्हणाली, "कागूद नाय माझ्याकं, साहेब. ओढा हाय, तो दाखवीन." मी ते चारचौघांत गंमत म्हणून सांगायचो. लोक हसायचे.

पाळकांना मी अजून हो म्हटलेलं नाही.

पप्पा


जेल रोड
५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

साधना,

आज कपाळावर राख लावून आलो. आल्या आल्या लिहायला बसलो आहे. आधी चहा घेतला असता तर धीर गेला असता.

मी तुला खोटं सांगितलं. तीन वर्षं तेच धरून बसलो, जानेवारीच्या पत्रातही तेच लिहिलं.

त्या उत्तम शुक्रवारचं तुला सगळं माहीत आहे, फक्त एक सोडून. आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी चतुराबाई सिव्हिल हॉस्पिटलात वारली. तू मला विचारलंस, आपल्या कब्रस्तानात ठेवायची ना? मी म्हटलं, तिचं गाव आहे, मातीला आपलं गावच बरं. ऐकायला किती छान वाटतं! तू विश्वास ठेवलास. पहाटे नवनाथच्या टेम्पोतून, जो एरवी मखमलाबादहून फुलं घेऊन बाजारात जातो, त्यातून तू तिला पेठच्या बाजूला नेलंस. गावकरी शिवेवर उभे राहिले. देव सोडून गेलेली बाई आमच्या मसणात नको म्हणाले. एप्रिलचं ऊन. पाऊण वाजता तू परत आलीस आणि टेम्पो देवळाच्या फाटकाशी उभा केलास.

मी दुसऱ्या वचनाचं गीत म्हणत होतो. तू चपलांसकट आत आलीस, माझ्या बाकापाशी वाकलीस. "पप्पा, गावाने नाही म्हटलं. मावशी बाहेर आहे. कब्रस्तानाची किल्ली द्या." किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती. मी म्हटलं, "उपासना संपू दे." आणि उठून पुढे गेलो, आणि तिसऱ्या वचनावर वीस मिनिटं बोललो. तू मागे दाराला टेकून उभी होतीस. पूर्ण वीस मिनिटं तू माझ्याकडे बघत होतीस. मी चांगला बोललो, साधना. तेच सगळ्यांत वाईट. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा चांगला बोललो.

आता ते एक. उपासनेनंतर कमिटी वेस्ट्रीत, पाळकांच्या खोलीत जमली. कुरकुर झाली, आज एक तर उद्या दहा येतील, वगैरे. तेव्हाचे पाळक मकासरे सगळ्यांना थांबवून म्हणाले, "ती बावीस वर्षं आपल्यात बसली आहे. मी विधी करतो. जागा तेवढी सांगा." जागा तुला ठाऊक आहे, कुठेच नव्हती, भिंतीलगतची रांगही भरलेली. जुनी कबर उघडायची तर त्या घराची लेखी संमती लागते, त्यात दोन-चार दिवस जातात. त्या दिवशी आख्ख्या कब्रस्तानात एकच जागा मोकळी होती. मकासरे माझ्याकडे वळले. "आढावसाहेब, तुमची जागा आज तिला द्या. तुमचं पुढे बघू."

मी नाही म्हटलं.

नियमामुळे नाही. दगडावर माझं नाव होतं म्हणून. तुझ्या आईशेजारी, माझ्या करुणाशेजारी घरातली कामवाली झोपेल आणि मी भिंतीलगत कुठेतरी, हे मला सहन झालं नाही. मी तासा-दोन तासांपूर्वीच, ख्रिस्ताने आपली आई शिष्याच्या हवाली केली त्यावर बोललो होतो.

मग फाटकापाशी येऊन मी तुला सांगितलं, "पाळकसाहेब नाही म्हणतात. नियम आहे." मकासरे माझ्या मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं. एक शब्द बोलले नाहीत. बापाला त्याच्या पोरीसमोर खोटं पाडू नये असं त्यांना वाटलं असेल. तू मंडळीच्या ग्रुपवर त्यांच्याविरुद्ध जे लिहिलंस ते सगळ्यांनी खरं मानलं. दोन महिन्यांत त्यांनी बदली मागून घेतली. मी निरोप समारंभात त्यांना शाल घातली.

परवा मनमाडला जाऊन त्यांना भेटलो. पोट दुखत होतं, तरी गेलो. म्हणालो, माफ करा. ते म्हणाले, "मला नका सांगू, आढावसाहेब. तिला सांगा."

म्हणून सांगतो आहे. आणि एक विचारतो. तू आणि नवनाथने तिला त्या संध्याकाळी कुठेतरी पुरलंत, गावाबाहेर, एवढंच मला कळलं आहे. तिला इथे आण. परवानगीचे कागद मी करतो, त्यात मी हुशार आहे. माझ्या जागेत तिला ठेवू. दगडावरचं माझं नाव काढून टाकू.

मग तू येशील का?

पप्पा


जेल रोड
३० मार्च २०२५

साधना,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'पप्पा' लिहिलंस, 'श्री. आढाव' नाही, तेवढ्यावर मी दोन मिनिटं अडलो. मग पुढचं वाचलं.

तू लिहिलेलं पुन्हा लिहून काढतो, म्हणजे मला टाळता येणार नाही. "आणायला काही नाही. सरकारी जंगलात ओढ्याच्या काठी पुरलं होतं, दुसरीकडे कोणी खणू देत नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुरात काठ गेला. मी आणि नवनाथ दोन दिवस खाली शोधत होतो. लुगड्याचा तुकडा मिळाला. मकासरे पाळकांना मी आज फोन केला. तुम्हाला करणार नाही."

कार्ड वाचून मी नवनाथला शोधायला गेलो. फूलबाजारात भेटला, झेंडूच्या पाट्या उतरवत होता. मला बघून त्याने हातातलं काम सोडलं नाही. मी विचारलं, त्या दिवशी खड्डा कोणी खणला? तो म्हणाला, "मीच की. ताईनं बी खणला, पन तिच्या हाताला फोड आलं. लय कठीण जमीन हाय तिकडं, नुसता दगुड. खोल नाय गेला, काका. अजून हातभर खोल गेला असता तर कदाचित..." मग पुढची पाटी उतरवली. ती खाली ठेवून म्हणाला, "आमच्यात जाळत्यात. मला तुमचं काय म्हनायचं ते येत नव्हतं. ताईनं सांगितलं तसं म्हनलो. मग गाडीत खाली पडलेली फुलं व्हती, ती टाकली."

त्याला मी हात जोडले. त्याने घाईघाईने माझे हात धरले आणि म्हणाला, "नका काका, चारचौघांत." आणि मला पाणी आणून दिलं.

घरी येऊन मी तुझ्या आईच्या फोटोसमोर बसलो. प्रार्थना करायची म्हणून. सत्तर वर्षं मला प्रार्थनेचे शब्द कधी कमी पडले नव्हते.

पाळकांना तिसऱ्या वचनाला हो सांगितलं आहे.

पप्पा


जेल रोड
१९ एप्रिल २०२५, शनिवार

साधना,

काल बोललो.

वीस मिनिटं लागली नाहीत, सहा-सात मिनिटांत संपलं. मी म्हणालो, या वचनावर मी इथे अठरा वेळा बोललो, आणि शेवटच्या वेळी बोलत होतो तेव्हा बाहेर फाटकाशी उन्हात टेम्पोत एक बाई होती. मग सगळं सांगितलं. किल्ली, जागा, दगड. मकासरे पाळकांचं नाव घेऊन सांगितलं की ते हो म्हणाले होते, मी नाही म्हणालो, आणि मी माझ्या लेकीला खोटं सांगितलं. माझ्या आवाजात रडं नव्हतं. नाटक वाटेल म्हणून मी आवाज मुद्दाम सपाट ठेवला.

पंखे तेवढे फिरत होते. मग पेटीवाल्याने घाबरून चौथ्या वचनाचं गीत सुरू केलं आणि लोक हायसं वाटून उभे राहिले. बाहेर पडताना दोघा-तिघांनी हात मिळवला. सध्याचे सेक्रेटरी कोणाला तरी म्हणत होते, "आजारी माणूस आहे, औषधांचा परिणाम होतो." शेवटच्या बाकावरच्या भागीबाई, ज्या झाडलोट करतात, त्या मात्र थांबल्या. माझ्याकडे बघून मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही.

नंतर मी कमिटीला अर्ज दिला. ज्या ख्रिस्ती माणसाला त्याचं गाव माती नाकारेल, त्याला दाखला न मागता आपल्या कब्रस्तानात जागा मिळावी. ते म्हणाले, ईस्टरनंतर बघू. 'बघू' म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. तो शब्द मी वीस वर्षं लोकांना ऐकवला आहे. तरी अर्जावर पोच म्हणून सही घेतली.

पण माझी जागा माझी आहे. ती कमिटीने लेखी दिलेली आहे, आणि आपल्याच नियमात ते आता अडकले आहेत. मी वकिलाकडून लिहून घेतलं की माझ्या जागेत मी जाणार नाही. गावाने परत पाठवलेलं पहिलं माणूस तिथे जाईल, मग ते कोणीही असो. मला भिंतीलगतच्या रांगेत टाका म्हटलं. तिथे दगड ठेवत नाहीत आणि चौदा वर्षांनी पुन्हा खणतात, त्यातल्या दोन-तीन जागांची मुदत यंदा भरते.

दगडावरचं माझं नाव काढायला आज सकाळी कोंडाजी आला होता. ज्याने ते कोरलं होतं, तोच. मी छत्री धरून जवळ बसलो. तासाभरात नाव गेलं. करुणाचं नाव तसंच ठेवलं, शेजारी पांढरा खडबडीत चौकोन उरला. कोंडाजीने छिन्नी पुसली आणि विचारलं, "आता काय घालू, साहेब?"

मी म्हटलं, "चतुराबाई."

तो म्हणाला, "पुढं?"

मी छत्री मिटली, साधना.

"नवऱ्याचं नाव? आडनाव?" कोंडाजी विचारत होता. "जन्माचं साल तरी सांगा, अंदाजानं."

मला माहीत नाही. बावीस वर्षं तिच्या हातचं जेवलो. तिने माझ्या बायकोचे डोळे मिटले. तिचं पूर्ण नाव काय होतं, हे मला माहीत नाही. मी घरी येऊन सगळी कपाटं उपसली. माझ्याकडे घरातल्या प्रत्येक मिक्सरची पावती आहे. तिचा एक कागद नाही. तिची पत्र्याची ट्रंक तू घेऊन गेलीस. मंडळीच्या यादीत ती सापडणार नाही, कारण तिथे मी ती येऊ दिली नाही. कागद आण म्हणून मी तिच्यामागे लागलो होतो. निदान तेव्हा तरी पूर्ण नाव विचारलं असेल ना? तेही आठवत नाही. बहुतेक नुसतं 'दाखला आण' म्हणालो असेन.

कोंडाजीला उद्या ईस्टर म्हणून सुटी दिली आहे. सोमवारी येतो म्हणाला. मी म्हटलं, पत्र येईपर्यंत थांब.

जानेवारीत मी तुझ्याकडे एक मूठ माती मागितली होती. ते मागणं परत घेतो. तू येऊ नकोस. तुझ्या हाताला एकदा फोड आले आहेत, तेवढे पुरेत. माझ्यावर कोणीही माती टाको.

फक्त तिचं नाव कळव. पूर्ण नाव, नवऱ्याचं, आडनावासकट, आणि साल माहीत असेल तर साल. सिव्हिलच्या कागदावर तू लिहिलं असशील, त्या दिवशी तुला विचारलं असेल आणि तुला सांगता आलं असेल. कार्डावर दुसरं काही लिहू नकोस, सलामही नको.

भारत आढाव